गोदेला जायचंय? शबेले नदीकाठच्या सोमाली गावात दोघांनी कसं जायचं, काय खायचं

मी नाशिकची, त्यामुळे कोणी "गोदेला" म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आधी रामकुंडच येतं. पण हे गोदे वेगळं. इथिओपियाच्या पूर्वेला जो सोमाली प्रदेश आहे तिथलं, वेबी शबेले नदीच्या काठावरचं. वेबी म्हणजे नदी आणि शबेल म्हणजे बिबट्या. नवरा काही वर्षं इथिओपियात शिकवायला होता, तिथला त्याचा एक सहकारी गोदेचा, त्याच्या घरच्यांनी बोलावलं म्हणून आम्ही दोघं जानेवारीत गेलो. परत आल्यापासून ओळखीतले तीन-चार जण विचारतायत की आम्हालाही जायचंय, कसं करायचं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते. ज्यांनी आफ्रिकेत कधी पाऊल टाकलेलं नाही त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे साध्यासाध्या गोष्टीही लिहिल्यात.

आधी हे: कुठे जायचं नाही

सोमाली नदीकाठचं शहर म्हणून शोधायला गेलात तर पहिलं नाव येतं बेलेदवेनेचं. हीच शबेले पुढे सोमालियात शिरते आणि बेलेदवेनेच्या मधून जाते, दोन्ही काठांवर वस्ती, मधे पूल, फोटो बघून कोणालाही जावंसं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तिथे आत्ता जोडप्याने फिरायला जायचं नाही, अगदी स्पष्ट सांगते. अल-शबाब या दहशतवादी संघटनेचे हल्ले त्या भागात होत आलेत, परदेशी माणसाचं अपहरण हा खरा धोका आहे आणि बहुतेक देशांची सरकारं आपल्या लोकांना सोमालियात जाऊ नका असंच सांगतात. शिवाय २०२३ मध्ये त्या शहराने मे महिन्यात एकदा आणि नोव्हेंबरच्या आसपास पुन्हा असा दोनदा पूर सोसलाय, लाखोंनी लोक घर सोडून उंचावर गेले होते. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांच्याकडे आपण हौसेने जेवायला जाणं मला तरी पटत नाही.

गोदे त्याच नदीच्या वरच्या अंगाला आहे. भाषा सोमाली, जेवण तेच, नदी तीच, आणि विमानाने जाता येतं. म्हणून मी गोदे म्हणते. पण गोदे म्हणजे गोवा नाही हेही लक्षात ठेवा. सोमालियाच्या सीमेकडे म्हणजे केलाफो, मुस्ताहिल, फेरफेर या बाजूला जायचं नाही, नदी त्याच दिशेने वाहते त्यामुळे "अजून थोडं पुढे जाऊन बघू" असा मोह होतो, तो आवरायचा. तिकीट काढायच्या आधी त्या आठवड्याची परिस्थिती अदिस अबाबातल्या भारतीय दूतावासाकडे विचारायची, तिथे आपलं नाव नोंदवायचं, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्याला प्रदेशाचं नाव घेऊन विचारायचं की क्लेम चालेल का, कारण सरकारी इशारा असलेल्या भागात बऱ्याच पॉलिसी चालत नाहीत. उत्तर लेखी घ्या. यातल्या एका जरी ठिकाणाहून "नाही" असं उत्तर आलं तर जायचं नाही, पुढच्या वर्षी बघायचं.

माणूस आधी, तिकीट नंतर

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि लोक नेमकी हीच गाळतात. गोदेत टुरिस्टसाठी काही मांडून ठेवलेलं नाही. म्युझियम नाही, फूड टूर नाही. जे काही आहे ते घरात आहे, चहाच्या टपरीवर आहे, बाजारात आहे, आणि तिथे शिरायला तिथलाच माणूस लागतो. ओळखीचं कोणी नसेल तर अदिसमधल्या किंवा सोमाली प्रदेशाची राजधानी जिजिगामधल्या एखाद्या टूर ऑपरेटरशी बोला जो सोमाली प्रदेशात खरंच माणसं पाठवतो, आणि त्याला एक प्रश्न विचारा: गोदेत आमच्यासोबत कोण असेल, त्याचं घर तिथेच आहे का? घर तिथेच असलेला माणूस कुठल्या गल्लीत जायचं, कुठल्या वेळी जायचं, कोणाचा फोटो काढायचा नाही हे सगळं सांगतो. नवरा-बायको दोघं जाताय तर सोबत एक बाई असेल असंही बघा, निदान तिच्या घरी एक दुपार तरी. का ते पुढे कळेल.

कागदपत्रं आणि इंजेक्शनं

व्हिसा ऑनलाइन मिळतो, इथिओपियाच्या सरकारी ई-व्हिसा साइटवरूनच काढायचा, दिसायला सारख्या दलाली साइट्स बऱ्याच आहेत, त्या जास्त पैसे घेतात. पासपोर्ट निदान सहा महिने चालू हवा.

यलो फीवरची लस मात्र विसरायची नाही. तिकडे जाताना नाही तर परत येताना ती अडवते, कारण इथिओपियातून येणाऱ्या माणसाकडे पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचा दाखला, नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, कारण कार्ड दहाव्या दिवसापासून धरलं जातं. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, महिना-दीड महिना आधीच लागा. एकदा घेतली की जन्मभर चालते, २०१६ पासून तसा नियम आहे. पोलिओचा डोस लागतो का तेही तिथेच विचारून घ्या. गोदे सखल आणि गरम भागात आहे, नदी आहे, म्हणजे डास आहेत आणि मलेरिया आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करायच्या, आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करायच्या, बरेच लोक घरी पोचले की बंद करतात ते चूक. मच्छरदाणी आम्ही घरून नेली होती, दोन माणसांची, घडीची. फार उपयोग झाला.

लग्नाच्या दाखल्याची इंग्रजी प्रत दोघांच्याही बॅगेत एकेक ठेवा. आडनावं वेगळी असतील तर नक्कीच.

कधी जायचं

सोमाली लोक वर्षाचे चार भाग करतात. गू म्हणजे एप्रिल ते जूनचा मोठा पाऊस, मग हगा म्हणजे कोरडे, वाऱ्याचे महिने, मग डेयर म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा छोटा पाऊस, आणि डिसेंबर ते मार्च जिलाल, कडक कोरडा. आपण जिलालच्या सुरुवातीला जायचं, डिसेंबर शेवट ते जानेवारी. गू आणि डेयरमध्ये नको, आणि यात एक गोष्ट समजून घ्या की गोदेत आभाळ निरभ्र असतानाही नदी फुगू शकते, कारण पाणी पडतं तिकडे लांब इथिओपियाच्या डोंगरात, बाले आणि आर्सीच्या बाजूला, आणि ते खाली गोदेला नंतर येतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाला कळतं तसंच, फक्त इथे सांगायला भोंगा असेलच असं नाही.

रमझानच्या तारखा बघून घ्या. त्या महिन्यात दिवसभर खाणं-पिणं बंद असतं, आणि आपली ट्रिप तर खाण्यासाठी आहे. ऊन वर्षभर आहेच, दुपारी पस्तीसच्या आसपास धरून चाला, म्हणून सगळी कामं सकाळी आणि संध्याकाळी, मधे झोप.

पोचायचं कसं

मुंबईहून अदिस अबाबाला इथिओपियन एअरलाइन्सचं थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. तिथून गोदेला त्यांचंच देशांतर्गत विमान. एक टिप: आंतरराष्ट्रीय तिकीट त्यांचंच असेल तर देशातली तिकिटं बऱ्याचदा स्वस्त पडतात, म्हणून दोन्ही एकत्र काढा. देशांतर्गत वेळा बदलतात, त्यामुळे परतीच्या मुंबईच्या विमानाआधी अदिसमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवाच.

जिजिगाहून गोदेला रस्ता आहे पण रस्त्याने जाऊ नका, फार लांब आहे. वेळ असेल तर आधी हरार बघा, जुनी तटबंदीची नगरी, २००६ पासून जागतिक वारशात आहे, मग जिजिगाला दोन दिवस थांबा. जिजिगात सोमाली जेवणाची तोंडओळख होते, भाषेचा कान तयार होतो, आणि तिथली हवा थंड आहे म्हणून शरीरालाही दम मिळतो. मी तर म्हणेन नवख्यांनी असंच करावं.

पैसे: कार्डावर विसंबू नका. डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्यायच्या, अदिसमध्ये बँकेत त्यांचे बिर (तिथलं चलन) करून घ्यायचे, सुट्टे मागून घ्यायचे. सिम पण अदिसमध्येच घ्या, पासपोर्ट लागतो.

आता वेळेचा घोळ, हा नीट वाचा. तिथे दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. सोमाली लोकही बोलताना असंच मोजतात. कोणी "दोन वाजता नाश्त्याला या" म्हटलं तर ते सकाळचे आठ. प्रत्येक वेळी "सकाळी की दुपारी, तुमचं घड्याळ की विमानाचं घड्याळ" विचारून घ्यायचं. कॅलेंडरही वेगळं आहे, तेरा महिन्यांचं, आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, त्यामुळे हॉटेलच्या पावतीवरची तारीख बघून घाबरू नका.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. उतरायचं, खोलीत सामान ठेवायचं, झोपायचं, संध्याकाळी चहाला बाहेर पडायचं. गावात फिरायला तीनचाकी असते आणि तिला सगळे बजाजच म्हणतात, म्हणजे आपल्या आकुर्डीच्या कंपनीचं नाव तिथे वाहनाचंच नाव झालंय. नवऱ्याने यजमानांना सांगितलं की ही गाडी आमच्या राज्यात, वाळूजला बनते, तेव्हा त्यांनी बजाजवाल्याला थांबवून ते सोमालीत सांगितलं आणि त्याने आमच्याकडून पैसेच घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्यालाच बोलावलं आणि दुप्पट दिले.

फोटोचं आत्ताच सांगते. पूल, विमानतळ, पोलीस, सैनिक, सरकारी इमारत, यांचे फोटो अजिबात नाहीत. नदीवरचा पूल सुंदर दिसतो, हात आपोआप खिशाकडे जातो, तरी नाही. १९७७ मध्ये इथिओपिया-सोमालिया युद्धात हे गाव सोमाली सैन्याने घेतलं होतं, पुढच्या वर्षी इथिओपियाने ते परत घेतलं, त्यानंतरही या प्रदेशात कित्येक वर्षं सशस्त्र संघर्ष चालला आणि २०१८ मध्ये शांतता करार झाला. आपल्यासाठी पूल म्हणजे देखावा, तिथल्या लोकांसाठी त्याचा अर्थ वेगळा आहे. २००० सालच्या दुष्काळात हेच गोदे उपासमारीचं केंद्र होतं, लहान मुलं गेली. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला ते आठवतं. म्हणून ताटात अन्न टाकायचं नाही, आणि हे मी शिष्टाचार म्हणून नाही सांगत.

आता जेवण

गोदेचं जेवण दोन हातांनी बनतं, एक धनगराचा आणि एक शेतकऱ्याचा. उंट-शेळ्या पाळणाऱ्यांकडून दूध, तूप, मटण येतं आणि नदीकाठच्या शेतातून मका, ज्वारी, तीळ, कांदा, केळी, पपई. नदीकाठी पिढ्यानपिढ्या शेती करणारे समाज आहेत, रेर शबेले त्यातले, यांना बरेचदा कमी लेखलं गेलंय पण ताटातलं अर्धं त्यांच्याच हातचं असतं. हे डोक्यात ठेवून खाल्लं तर प्रत्येक पदार्थ कुठून आला ते दिसायला लागतं.

सकाळची सुरुवात अंजेरोने. नाव ऐकून इथिओपियाचा तो मोठा आंबट इंजेरा समजू नका. हा लहान, आणि कोकणातल्या किंवा कोल्हापूरकडच्या माणसाला विचारलंत तर तो सरळ आंबोळी म्हणेल. पीठ रात्रभर आंबवायचं, सकाळी तव्यावर मधोमध ओतून पळीने गोल गोल बाहेर फिरवत न्यायचं, एकाच बाजूने भाजायचं, वर जाळी पडते आणि पळीचे वेढे दिसतात. मी पळी मागितली, यजमानांच्या बहिणीने दिली, आणि माझे वेढे बघून तिने आईला हाक मारून बोलावलं. खायची पद्धत अशी की वर सुबग म्हणजे तूप किंवा तिळाचं तेल आणि साखर, आणि बरेच जण वरून चहाच ओततात. ओतून बघा. मटण खाणाऱ्यांना सोबत कलेजी किंवा सुकार मिळतं, सुकार म्हणजे बारीक तुकडे करून परतलेलं मटण.

चहाला शाहच म्हणतात. दुधाचा, वेलची-दालचिनी-लवंग घातलेला, आणि गोड म्हणजे भरपूर गोड. साखर नको असेल तर आधी सांगायचं: सोंकोर लाआन. दूध उंटाचं असलं तर चव किंचित खारट आणि पातळ लागते. उंटाचं दूध, आनो गेल, ही तिथली शान आहे आणि आग्रह होणारच. दूध ठेवायची भांडी ते आतून धुराने धुरावतात, त्यामुळे दुधाला एक धुरकट वास असतो, तो खराब झाल्याचा नाही, तो हवाच असतो. पण कच्चं दूध नवख्याने पिऊ नये असंच माझं मत आहे, ब्रुसेलोसिससारखे आजार कच्च्या दुधातून येतात आणि पोटालाही सवय नसते. चहातून प्या, उकळलेलं मागा. यजमानांना "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की कोणी वाईट वाटून घेत नाही.

दुपारचं मोठं जेवण म्हणजे बरीस, भात. मटणाच्या रश्शात शिजवलेला, वर तळलेला कांदा आणि बेदाणे, आणि त्यात हवाश, त्यांचा गरम मसाला: जिरं, धणे, मिरे, वेलची, लवंग, दालचिनी, हळद. वास आला की घरी आल्यासारखं वाटतं पण चव आपल्यापेक्षा सौम्य, तिखट वेगळं येतं, हिरव्या मिरचीची पातळ चटणी, बसबास. आधी मराक म्हणजे रस्सा वाटीत येतो, लिंबू पिळून. आणि भाताबरोबर एक आख्खं केळं ठेवतात. ते नंतर खायचं नाही. सोलायचं आणि भाताच्या प्रत्येक घासाबरोबर एक तुकडा. मला पहिल्या दिवशी विचित्र वाटलं, तिसऱ्या दिवशी केळं नसेल तर भात कोरडा वाटायला लागला, आता नाशिकला पुलावाबरोबर खाते. भाताऐवजी कधी बास्तो येतो, म्हणजे पास्ता, सोमालियात इटालियन राज्य होतं त्याची ही खूण, आणि तोही केळ्याबरोबर.

पण माझं ऐकाल तर या सगळ्यापेक्षा सोर, मूफो आणि अंबूलो शोधा, कारण हे खरं नदीचं खाणं आहे. सोर म्हणजे मक्याच्या किंवा ज्वारीच्या कण्या घट्ट शिजवलेल्या, त्यावर दूध किंवा तूप किंवा रस्सा. ज्यांनी ताकातल्या कण्या खाल्ल्यात त्यांना ओळख करून द्यायला नको. मूफो ही मक्याची जाड भाकरी, मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात, कडा खरपूस होतात. आणि अंबूलो हे रात्रीचं, लाल बारीक कडधान्य, चवळीपेक्षा लहान, मंद आचेवर तासन् तास शिजवून त्यावर तिळाचं तेल आणि साखर. कडधान्यावर साखर ऐकून तोंड वाकडं करू नका, पुरणाचं डाळ-गूळ आपण खातोच ना.

तिळाच्या तेलाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण माझा जीव तिथे अडकलाय. सोमाली भागात तेल काढायचा पूर्वापार घाणा असतो, त्याला मअसरो म्हणतात आणि तो उंट फिरवतो, आपल्याकडे बैल फिरवायचा तसा. आता मशीन आली आहेत. आम्ही जानेवारीत गेलो होतो, संक्रांत जवळ होती, म्हणून मी घरून तिळाच्या वड्या नेल्या होत्या. यजमानांच्या आईने एक तोंडात टाकली, थोडं थांबली, आणि म्हणाली वा मआन, म्हणजे गोड आहे, छान आहे, आणि मग आत जाऊन तिच्याकडच्या तेलाची छोटी बाटली आणून माझ्या हातात दिली. तुम्हीही काहीतरी न्या. चिक्की, तिळाच्या वड्या, खजूर, चहापत्ती. जिलेटिन असलेली चॉकलेटं नकोत, हलाल की नाही असा प्रश्न त्यांना पडतो.

नदीत मासे आहेत पण उंटवाल्या घरांमध्ये माशाचं फारसं प्रेम नाही, मागू नका, मिळालं तर खा.

शाकाहारी असाल तर

जमतं, पण सांगावं लागतं आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. भात दिसायला साधा असला तरी रश्शात शिजलेला असतो. दोन वाक्यं पाठ करा: हिलिब मा उनो, मी मटण खात नाही, आणि हिलिब लाआन, मटणाशिवाय. अंजेरो तूप-साखर, अंबूलो, सोर दुधाबरोबर, मूफो तिळाच्या तेलाबरोबर, फळं, मलवह हे गोड धिरडं, सबायद म्हणजे आपली लच्छा चपातीच, एवढ्यावर आठवडा आरामात निघतो. सांबूसा म्हणजे समोसा, पण आत बहुतेक वेळा खिमा, विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. आदल्या दिवशी निरोप दिला तर घरची बाई मुद्दाम वेगळं भांडं लावते, आयत्या वेळी सांगितलं तर तिला वाईट वाटतं की पाहुण्याला काही देता आलं नाही.

पाणी बाटलीबंदच, सील बघून. इथिओपियात जुन्या माणसांच्या तोंडी बाटलीच्या पाण्याला हायलँड हा शब्द ऐकू येतो, गोंधळू नका.

बसायचं कुठे, जेवायचं कसं

जमिनीवर, एका मोठ्या ताटाभोवती. आधी हात धुवायला पाणी येतं. उजव्याच हाताने, आपल्या समोरच्याच बाजूने, मधलं मटण कोणीतरी तोडून तुमच्याकडे सरकवतं ते घ्यायचं. आणि इथे महत्त्वाचं: पुरुष एका खोलीत आणि बायका दुसऱ्या खोलीत असं होऊ शकतं. दोघांची ट्रिप आहे म्हणून एकत्रच बसू असा हट्ट धरायचा नाही. नवरा बाहेर चहा पीत राजकारण ऐकत होता आणि मी आत होते जिथे खरं घर चाललं होतं, पोळपाटापासून बाळंतपणापर्यंत सगळ्या गप्पा, निम्म्या हातवाऱ्यांनी. रात्री खोलीत आल्यावर दोघांनी एकमेकांना आपापला अर्धा दिवस सांगायचा. आमच्या बारा वर्षांच्या लग्नात इतक्या गप्पा आम्ही फार कमी वेळा मारल्यात.

आत बसल्यावर हातावर मेंदी काढतात, उन्सी जाळतात. उन्सी म्हणजे साखर आणि सुगंधी डिंक घालून केलेला धूप, मातीच्या दबकादमध्ये निखाऱ्यावर टाकतात आणि कपड्यांना, केसांना त्याची धुरी देतात. बाळंतिणीला धुरी देणारी माझी आजी आठवली मला.

बाहेर मात्र दोघांनी हात धरून चालायचं नाही. बाईने लांब बाह्यांचं, पायघोळ, सैल आणि डोक्यावर ओढणी, सुती पंजाबी ड्रेस उत्तम चालतो. पुरुषाने हाफ पँट नको. बाजारात बाती म्हणून सैल सुती झगा मिळतो, एक घ्या, उन्हाला त्यापेक्षा चांगलं काही नाही. आणि गुंतीनो कोणाकडे असेल तर नेसून दाखवायला सांगा, एका खांद्यावर गाठ मारून कमरेभोवती फिरवायचं लांब कापड, पूर्वी रोजचं होतं, आता सणासमारंभाला. मी त्यांना साडी नेसवली, त्यांनी मला गुंतीनो. लग्नकार्य चालू असेल आणि बोलावलं तर नाही म्हणू नका, डान्तो बघायला मिळेल, या भागाचा खास नाच, टाळ्या आणि गाणं, उंटाच्या चालीवरून आलाय म्हणतात.

नदीवर

नदीवर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, यजमानासोबतच. पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरही नाही. शबेलेत मगरी आहेत. लोक पाणी भरताना दिसतात, मुलं कडेला खेळताना दिसतात, म्हणून आपल्यालाही वाटतं जावं, पण त्यांना जागा माहीत असते. काठावर बसा, पलीकडची शेतं आणि पंपाचा आवाज. ही नदी हजार किलोमीटरहून जास्त वाहते आणि एवढं करून समुद्राला सहसा पोचतच नाही, सोमालियात किनाऱ्याजवळ जाऊन किनाऱ्याला समांतर वळते आणि दलदलीत विरून जाते. मधल्या गावांनी तिला पिऊन टाकलेलं असतं.

चार शब्द बोला

सोमाली लिपी रोमन आहे, सोमालियात १९७२ मध्ये ती अधिकृत झाली, पाट्या वाचता येतात पण उच्चार फसवतात. एक्स दिसला की घशातून ह म्हणायचा. सी हे अरबी ऐनसारखं, आपल्याला अ सारखं ऐकू येतं. आणि डीएच जोडून आला की तो सरळ आपला ड. इंग्रजांना हा ड जमत नाही, आपल्याला आयता येतो, त्यामुळे मराठी माणसाचं सोमाली ऐकायला बरं वाटतं म्हणे. भेटल्यावर सलाम, मग इस्का वरन, म्हणजे तुमची खबर सांगा. धन्यवाद म्हणजे महदसनिद. किती म्हणजे इमिसा.

हाक मारायचं तर आणखीच सोपं. इंग्रजीत सगळे अंकल-आंटी, पण सोमालीत आपल्यासारखंच: वडिलांचा भाऊ अदेर, आईचा भाऊ अब्ती, वडिलांची बहीण एद्दो, आईची बहीण हबरयर. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी. अनोळखी वयस्कर माणसाला अदेर म्हणा, बरोबरीच्याला वलाल. यजमानांच्या आईला मी हबरयर म्हणाले तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावला.

आणि हिंदी सिनेमा. तुम्ही हिंदी, म्हणजे भारतीय, हे कळलं की गाणी सुरू होतात, सोमालीत डब केलेले आपले सिनेमे घराघरात बघितले जातात. दोन जुनी गाणी पाठ असू द्या, नक्की म्हणायला लावतात.

दुपारनंतर पुरुष मंडळी जाद चघळताना दिसतील, म्हणजे खात, चघळली की तरतरी आणणारी हिरवी पानं, तिथे कायदेशीर आहेत. नवऱ्याला आग्रह झाला, त्याने हात छातीवर ठेवून नको म्हटलं, विषय संपला. भारतात आणायची तर अजिबात नाहीत, अंमली पदार्थांच्या कायद्यात येतात आणि विमानतळावर पकडलं जातं. दारू गोदेत विचारूच नका.

परत येताना

घेऊन यायचं तर हवाश, उन्सी, एखादी बाती. तिळाचं तेल चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत, टेपने तोंड बंद करून. दूध-तूप आणू नका. यजमानांना पैसे हातात देऊ नका, अपमान वाटू शकतो, निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून साखर, तांदूळ, चहा असं घरात लागणारं सामान घेऊन द्या, घरातल्या बाईच्या हातात. गाइडचे पैसे मात्र ठरल्याप्रमाणे रोख आणि पूर्ण.

उरलेले बिर अदिसमध्ये कॉफीवर खर्च करा. आणि दोघांची पिवळी कार्डं पासपोर्टच्या आतच ठेवा, मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्याही आधी आरोग्याच्या काउंटरवर तीच पहिली मागतात, आम्ही ती मोठ्या बॅगेत टाकून बसलो होतो आणि बॅग बेल्टवर होती, पाऊण तास तिथेच उभे होतो.